छापखान्यातला कान आणि धंतोलीतली तपासणी

नागपूरच्या महाल भागात आमचा छापखाना आहे. बाबांच्या वेळी ट्रेडल होती, आता दोन ऑफसेट मशिनी आणि एक कटिंग. त्यांच्या मधोमध माझं टेबल, आणि तिथे मी तीस वर्षं बसतोय. वय 53. शुगर, बीपी दरवर्षी तपासतो, चष्म्याचा नंबरही दोन वर्षांनी पाहून घेतो. कान मात्र आयुष्यात एकदाही तपासला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं, "मुहूर्त बदलला, सहा पस्तीस करा." मला ऐकू आलं दहा पस्तीस. तसंच छापलं आणि 400 पत्रिका रद्दीत गेल्या. दोन दिवसांत पदरचा कागद घालून पुन्हा छापून दिल्या, पण त्या मुलीच्या वडिलांची झालेली धावपळ माझ्या मनातून जात नाही. मी फोनच्या रेंजला दोष देत होतो. बायको म्हणाली, "अहो, पोरगी मघापासून हाका मारून राहिली, तुम्हाला ऐकूच नाही येऊन राहिलं." तेव्हा पहिल्यांदा शंका आली.

मे महिन्यात कानाच्या मशीनच्या एका दुकानात मोफत तपासणी होती, तिथे गेलो. शटर उघडं, बाहेर ट्रॅफिक, आत कूलर घरघरतोय, आणि त्यातच मला हेडफोन लावून बसवलं. दहा मिनिटांत सांगितलं की दोन्ही कान कमजोर आहेत, मशीन लागेल, आजच घेतलं तर सूट मिळेल. मी ॲडव्हान्स देता देता थांबलो. कूलरच्या आवाजात चाचणीची बारीक शिटी कुणालाच ऐकू येणार नाही, एवढं मशीनच्या खोलीत राहिलेल्या माणसाला कळतं.

मग जूनमध्ये धंतोलीतल्या एका कान-तपासणी केंद्रात फोन केला. पलीकडच्या मॅडमनी आधी विचारलं, "काम आवाजाच्या जागी आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी रविवारच्या सुटीनंतरची, सोमवारी सकाळची वेळ दिली आणि मशीनवर न जाता थेट यायला सांगितलं. मोठ्या आवाजातून आलं की कान काही तास सुन्न राहतो. त्या वेळी चाचणी केली तर तात्पुरता सुन्नपणाही बहिरेपणात मोजला जातो, म्हणून आधी निदान चौदा तास शांतता हवी. माझा अर्धा विश्वास या एका प्रश्नावरच बसला.

मॅडम तिशीच्या असतील. भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. ते आधी पाहा, कारण कान तपासतो म्हणणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा शिकलेला तज्ज्ञ, नसतो. त्यांनी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. शुगर आहे का, घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं का, कानात सतत गुणगुण होते का, कधी आजारपणात जेंटामायसिनची इंजेक्शनं घेतली होती का (त्या औषधाने कानाला इजा होऊ शकते). मग दुर्बिणीसारख्या दिव्याने कान पाहिला. उजव्यात मळ दाटला होता. तो त्यांनी स्वतः कोरला नाही, खालच्या मजल्यावरच्या ईएनटी डॉक्टरांकडे पाठवलं आणि काढून आल्यावरच पुढची चाचणी केली.

जाड दाराची छोटी खोली आहे. दार लागलं आणि मला माझाच श्वास ऐकू आला. इतकी शांतता मी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती. "काका, शिटी आली की नाही अशी शंका वाटली, तरी बटण दाबा. चुकण्याची भीती बाळगू नका," असं त्या काचेपलीकडून म्हणाल्या. एकेका कानात वेगवेगळ्या सुरांच्या शिट्या येत होत्या. ऐकू आली की आवाज कमी करायचा, नाही आली की पाच डेसिबलने वाढवायचा, असं करत ऐकण्याची सगळ्यात खालची पायरी शोधतात. मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवून तेच पुन्हा केलं. हाडातून नीट ऐकू आलं पण हेडफोनमधून नाही, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. दोन्हीकडून सारखंच कमी आलं तर आतल्या कानात किंवा नसेत. शब्दांच्या चाचणीआधी त्यांनी विचारलं, "मराठी शब्द घेऊ की हिंदी?" नागपुरात हा प्रश्न विचारायलाच हवा. शेवटी कानात रबरी टोक घालून पडद्यावरचा दाब मोजला, ती मिनिटभराचीच गोष्ट.

मग त्यांनी आलेख समोर ठेवला. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. डावीकडे 250 हर्ट्झचा जाड आवाज, उजवीकडे 8000 हर्ट्झचा बारीक. माझ्या दोन्ही रेघा बऱ्याच सरळ आल्या, 4000 पाशी एकदम खाली कोसळल्या आणि 8000 ला पुन्हा वर चढल्या. वयाने कान जातो तेव्हा रेघ बारीक आवाजाकडे उतरतच जाते. असा खड्डा पडून वर आली तर तो बहुतेक गोंगाटाचा मार असतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. स, श अशी अक्षरं बारीक आवाजाची, ती आधी निसटतात. म्हणजे त्या दिवशी 'सहा'मधला 'स' माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. 'हा' तेवढा आला, पुढचं मी मनाने भरलं, आणि फोनवर ओठही दिसत नव्हते.

ऐकण्याच्या सगळ्यात खालच्या पायरीची सरासरी उजव्या कानाची 26 डेसिबल, डाव्याची 24. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत 20 ते 35 म्हणजे सौम्य बहिरेपणा. मशीन आत्ता नको, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. दुकानात मला दोन कानांची दोन मशिनं विकत होते. त्याऐवजी फोमचे बोळे वापरा म्हणाल्या, आणि ते घालायचे कसे हेही करून दाखवलं. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. उघड्या कानाने 85 डेसिबलमध्ये फार तर आठ तास, 88 मध्ये चारच तास, असा प्रत्येक तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. हे मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

तिथे मला बाबा आठवले. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी गांधीसागर तलावाच्या काठी मित्रांत जाऊन बसणं सोडलं. लग्नात कोपऱ्यात बसून हसत मान हलवायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. शेवटी त्यांना आमची नावंही आठवत नसत. कानाची तपासणी कुणीच केली नाही, मीही नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने 2017 पासून आपल्या अहवालांत कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या गोष्टींत धरलंय, हे मी आता वाचलं. बाबांचं तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण त्यांना ऐकू आलं असतं तर ते माणसांत बसले असते, एवढं नक्की.

खर्च 900 रुपये, पावतीसह. मळ काढण्याचे डॉक्टरांचे वेगळे. सगळं मिळून सव्वा तास लागला, त्याआधी चाळीस मिनिटं बसावं लागलं, कारण लहान मुलांना आधी घेतात. ते बरोबरच आहे. खटकलं ते हे, की केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जिथे म्हातारी माणसं येणार तिथे हे चालणार नाही. अहवाल फक्त इंग्रजीत. मॅडमनी समजावलं म्हणून कळलं, पण घरी आईला दाखवायला मराठीत दोन ओळी तरी हव्यात. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे मेट्रोने काँग्रेसनगरला उतरून रिक्षा करा.

आलेखाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना तिच्याशीच होणार. पन्नाशीनंतर 64 पर्यंत दर पाच वर्षांनी आणि पुढे एक ते तीन वर्षांनी तपासणी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्यासारख्या गोंगाटात काम करणाऱ्यांना मॅडम दरवर्षी बोलावतात.

आमच्या मशीनवरच्या दोन्ही पोरांची वेळ मी येत्या सोमवारची घेतली आहे. एक 26 चा, दुसरा 31 चा. दोघांनाही काही त्रास नाही. पैसे मी भरणार आहे, आणि रविवारी बँड-डीजेच्या वरातीत जाऊ नका असं दोघांना आधीच बजावून ठेवलंय.