बॉस कटाना ५० एमके २: घरी वाजवण्यासाठी कितपत चांगला?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प घ्यायला निघालं की पहिला प्रश्न असतो किती वॅटचा. तो आकडा फसवा आहे. १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट जोरात वाजत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दसपट लागतात. घरी वाजवणाऱ्याने बघायचं ते हे, की आवाज अगदी बारीक केल्यावर ॲम्प कसा वाजतो. इथे कटाना ५० एमके २ खरंच उजवा आहे. याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये आली, तरी वापरलेला एमके २ चांगल्या स्थितीत मिळत असेल तर जरूर घ्यावा.

स्पीकर १२ इंची, वजन ११.६ किलो. जुन्या धाटणीच्या ॲम्पमध्ये असतात तशा काचेच्या ट्यूब यात एकही नाहीत, त्यामुळे त्या बदलण्याचा खर्चही नाही. याचं खरं बलस्थान म्हणजे पॉवर कंट्रोल: ०.५, २५ किंवा ५० वॅट. १५ वॅटचा ट्यूब ॲम्पसुद्धा ट्यूबचा खास टोन खुलेपर्यंत वाढवला की घर दणाणतं. कटाना मात्र ०.५ वर ठेवून मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, निम्म्यापर्यंत नेता येतो. तळहात टेकवून जाड सहावी तार मारली तरी ठोका घट्ट येतो.

टोन लावताना सुरुवात साधी ठेवा. ॲम्प टाइप क्लीन, सगळे इफेक्ट बंद, बास-मिडल-ट्रेबलचे नॉब घड्याळातल्या बाराच्या दिशेला, गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) नऊच्या दिशेला. मास्टरने खोलीपुरता आवाज ठरवा आणि मगच गेन वाढवा. क्रंच या ॲम्प टाइपवर गेन मध्यापर्यंत आणून गिटारचाच व्हॉल्यूम कमी-जास्त केला तर हा ॲम्प बोटांना छान दाद देतो. ब्राऊन या टाइपवर गेन पूर्ण उघडण्याचा मोह आवरा. कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो. आणखी एक गोष्ट: बारीक आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून घरी आपण तो वाढवून ठेवतो. तोच टोन तालमीत ड्रमसोबत गढूळ वाटतो. तिथे बास उतरवा, मिडल चढवा, आणि ॲम्प खुर्चीवर ठेवा. जमिनीवरचा स्पीकर गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही.

नवख्यांचा गोंधळ हमखास होतो तो चॅनेलवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या टोनवर. चॅनेल निवडला की नॉब जिथे दिसतात तिथे आवाज नसतो, आणि एखादा नॉब जरा हलवला की टोन एकदम उडी मारतो. नॉबप्रमाणे आवाज हवा असेल तर पॅनेल बटण दाबायचं. आवडलेला टोन साठवायला चॅनेलचं बटण दाबून धरावं लागतं. नुसतं दाबलं तर जमवलेलं सगळं जातं.

इफेक्टच्या बटणांवर हिरवा, लाल, पिवळा असे तीनच पर्याय. त्यामागे कोणता इफेक्ट ठेवायचा ते टोन स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून ठरतं. त्यासाठी प्रिंटरला लागते तसली यूएसबी केबल हवी, आणि विंडोजवर आधी ड्रायव्हर टाकावा लागतो. संगणकाला हात लावायचाच नसेल तर या ॲम्पची निम्मी ताकद वाया जाईल.

उणीव एकच, पण मोठी: इफेक्ट्स लूप नाही. स्वतःचे डिले-रिव्हर्बचे (प्रतिध्वनी-घुमाऱ्याचे) पेडल प्रीॲम्पनंतर, म्हणजे टोन घडवणाऱ्या भागानंतर, जोडायचे असतील तर सरळ कटाना १०० घ्या.

वापरलेला घेताना स्वतःची गिटार आणि हेडफोन सोबत न्या. प्रत्येक नॉब सावकाश टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर नॉबखालच्या पॉटमध्ये धूळ आहे किंवा तो झिजलाय. इनपुटमधली केबल हलकेच हलवून आवाज तुटतो का पाहा. २५ वॅटवर खालच्या तारा जोरात वाजवा, फडफड आली तर स्पीकर गेलाय. शेवटी हेडफोन लावून काढा. काढल्यावर स्पीकर लगेच सुरू झाला नाही तर तो जॅक बिघडलाय, आणि तो ॲम्प तिथेच सोडा.