न्योर्डलिंगन : आधी म्युझियम, मग मनोरा

जर्मनीतल्या न्योर्डलिंगनला जाणार असाल तर माझ्यासारखा घोळ घालू नका. मी स्टेशनवरून निघाले ती थेट सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर. ‘डॅनियल’ म्हणतात त्याला. उंची 90 मीटर, पायऱ्या 350, लिफ्टचं नाव नको. धापा टाकत वर पोचले. खाली लाल कौलांचं गोलाकार गाव, भोवती तटबंदी, पलीकडे शेतं आणि पार लांब टेकड्यांची रेघ. छान वाटलं, फोटो काढले, उतरले.

मग रीस-क्रेटर म्युझियममध्ये गेले आणि कपाळावर हात मारला. ती टेकड्यांची रेघ म्हणजे विवराची कड होती! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथे अशनी आदळला, 24 किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला आणि हे बव्हेरियातलं गाव त्या खड्ड्यातच वसलंय. आपलं लोणार काठावरून एका नजरेत मावतं, हे मावत नाही. बरेच दिवस लोक याला ज्वालामुखीच समजायचे. 1960च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या खडकात कोएसाइट सापडलं. अशनीच्या तडाख्यासारख्या प्रचंड दाबाखाली तयार होणारं हे खनिज, त्यामुळे ज्वालामुखीची गोष्ट मागे पडली. त्या आघातात बनलेल्या सुएव्हाइट दगडातच चर्च बांधलंय आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिरे आहेत. सकाळी त्याच भिंतीला टेकून मी गुडघे चोळत होते.

अपोलो 14चे अंतराळवीर 1970मध्ये इथे खडक ओळखायला शिकले. म्युझियममध्ये चंद्रावरचा दगडही आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

पुन्हा मनोरा चढायची ताकद नव्हती. तटबंदीवरून मात्र पूर्ण फेरी मारली: 2.7 किलोमीटर, वर छप्पर, पैसे नाहीत. स्टेशनजवळ वाफेच्या इंजिनांचंही म्युझियम आहे. मला त्यात गम्य नाही, पण आमचे हे तिथून दोन तास बाहेर आले नाहीत.

मुक्काम कराच. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाला पहारेकरी मनोऱ्यावरून ‘सो ग्जेल सो’ (‘असं, गड्या, असं’) अशी हाळी देतो. 1440मध्ये वेशीचा दरवाजा फितुरीने उघडा राहिला होता आणि अंग घासणाऱ्या डुकरामुळे ते उघडकीला आलं, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. दहाची हाळी बोलण्याच्या नादात हुकली. साडेदहाच्या हाळीसाठी आम्ही दोघं चौकात थंडीत कुडकुडत, तोंड मिटून उभे होतो.