पोलर एच१०: आकडा खरा हवा असेल तर छातीचा पट्टाच

हृदयाचे ठोके मोजायला संथ चालण्यासाठी मनगटी घड्याळ पुरतं. वेग सारखा बदलणाऱ्या व्यायामात मात्र पोलर कंपनीचा एच१० हा छातीवर बांधायचा पट्टा कितीतरी सरस. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातला फरक वाचतं. मूठ आवळली की गडबडतं, धावताना तर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय मोजतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे छोट्या जोरदार धावेतली चढउतारही लगेच दिसते.

आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड (संकेत पकडणारे भाग) पाण्याने ओले करा, पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली घट्ट बसवा आणि सेन्सर टिचबटणासारखा दाबा. सुरुवातीलाच आकडा उगाच २०० पार गेला आणि तुम्हाला त्रास काहीच नसेल, तर बहुधा इलेक्ट्रोड कोरडे असतात, पट्टा ढिला असतो किंवा सिंथेटिक टी-शर्ट घासत असतो. कोरडेपणामुळे होत असेल तर घाम आला की हे बहुधा आपोआप थांबतं. चक्कर किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र पट्ट्याशी खेळत बसू नका, व्यायाम थांबवा.

सेन्सरमधला सीआर२०२५ सेल कंपनीच्या दाव्यानुसार ४०० तास चालतो. व्यायामानंतर सेन्सर काढून ठेवला नाही तर ओलसर पट्ट्यावर तो चालूच राहतो आणि सेल लवकर संपतो. पट्टा दर वेळी साध्या पाण्याने धुवा. घामातले क्षार साचले की संकेत तुटतो.

एकाच वेळी दोन ब्लूटूथ उपकरणं जोडता येतात. पाण्याखाली ब्लूटूथ पोचत नाही, पण सेन्सर एका सत्राची नोंद स्वतःत साठवतो. पडदा नाही, त्यामुळे आकडे बघायला फोन किंवा घड्याळ लागतंच.