नवरा-बायकोची पहिली ट्रायथलॉन: गोव्याची आयर्नमॅन ७०.३ कशी वाटली

दोघांचीही ही पहिलीच ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) असेल, पोहायला बऱ्यापैकी येत असेल आणि निदान आठ-नऊ महिने पहाटे उठायची तयारी असेल, तर गोव्याच्या ७०.३ला जोडीनं नाव नोंदवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही कोल्हापूरचे, दोघंही चाळिशी ओलांडलेले. ह्यांचं औषधांचं दुकान आहे, मी शाळेत गणित शिकवते. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, की आधी छोटी करा, एकदम एवढी मोठी उडी नको. ते चुकीचं नाही. पण आमच्यासाठी हीच बरोबर ठरली, आणि त्याची कारणं जोडीनं उतरणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडतील म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माहिती. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. सगळं मिळून ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल, नाव त्यावरूनच. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. भारतातली पहिली ७०.३ ऑक्टोबर २०१९मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली, मग कोरोनामुळे खंड पडला आणि २०२२पासून पुन्हा सुरू झाली. एकूण वेळ साडेआठ तास. पोहणं १ तास १० मिनिटांत संपायला हवं आणि सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत.

हे आकडे लांबून घाबरवतात, पण वही-पेन घेऊन बसा. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. नियमित पोहणाऱ्याला हा वेग जमतो. पोहण्याला पूर्ण वेळ लागला आणि कपडे-बूट बदलण्यात दहा मिनिटं गेली, तरी सायकलला ४ तास १० मिनिटं उरतात, म्हणजे ताशी साडेएकवीसच्या आसपास. नंतर आठ मिनिटाला एक किलोमीटर या चालीनं धावलात, तर पावणेतीन तासांच्या थोडं पुढे अर्धमॅरेथॉन संपते. दोघांनी आपापलं गणित असं वेगवेगळं मांडा. आमच्या घरात फ्रिजवर दोन कागद लावले होते, एक ह्यांचा, एक माझा. त्या दोन कागदांनी जेवढी मदत केली तेवढी कुठल्याच महागड्या घड्याळानं केली नाही.

सराव एकत्र होईल ही अपेक्षा ठेवू नका. मुलगा दहावीत, सासूबाई घरात, सकाळी सातला दुकानाचा माल येतो. घरी कुणीतरी हवंच. त्यामुळे हे गगनबावडा रस्त्यानं शंभरच्या वर सायकल मारून यायचे तेव्हा मी घरी, आणि मी राजाराम तलावात पोहायला जायचे तेव्हा डबे ह्यांच्याकडे. जोतिबाचा चढ मात्र रविवारी दोघांनी मिळून केला, त्या दिवशी सासूबाईंनी घर सांभाळलं. त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं, हे मी मनापासून लिहिते. ज्यांच्या घरात असं माणूस नाही, त्यांनी नोंदणीआधी घरकामाचा विचार सायकलच्याही आधी करावा.

आता पोहणं, कारण पहिल्यांदा करणाऱ्यांची खरी भीती इथंच असते. मिरामारजवळ मांडवी समुद्राला मिळते आणि पावसाळा नुकताच संपलेला असतो. पाणी गढूळ. हात पुढं टाकला की मनगटाच्या पलीकडं काही दिसत नाही. टँकमध्ये तळाशी काळी पट्टी असते, इथं काहीच नाही, म्हणून दर आठ-दहा हातांनी डोकं थोडं वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, कुठं आहे ते बघावं लागतं. ही सवय तलावात लावून घ्या. लाटा मोठ्या नव्हत्या, पण खारं पाणी नाकातोंडात जातंच. माझा सल्ला असा, की त्याआधी एकदा तरी समुद्रात स्पर्धा म्हणून पोहा. मालवणच्या चिवला बीचवर दर हिवाळ्यात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते, आपल्या भागातल्या माणसाला यापेक्षा चांगली तालीम नाही. मिरामारचं पाणी कोमट असतं, त्यामुळे वेटसूटवर (पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखावर) पैसे घालवू नका. आणि दम लागला, तर सुरक्षेसाठी असलेल्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून थांबता येतं. कयाकनं पुढं ओढत नेलं नाही, तर ते नियमात बसतं. हे पाण्यात उतरण्यापूर्वी ह्यांना माहीत होतं म्हणून ते निर्धास्त होते. पोहणं ही त्यांची कच्ची बाजू.

जोडीच्या दृष्टीनं पहिली चांगली गोष्ट इथं दिसली. सुरुवात एकदम सगळ्यांची नसते. आपल्या अंदाजे वेळेप्रमाणं रांगेत उभं राहायचं, थोड्या थोड्या जणांना सोडत जातात, आणि तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासून सुरू होते. त्यामुळे आम्ही शेजारी शेजारी उभे राहू शकलो. हे म्हणाले, "तू तुझ्या वेगानं जा, मागं बघू नको." मी बघितलं नाही. पाण्यातून मी बरीच आधी बाहेर आले.

सायकलचा भाग थोडक्यात सांगते, कारण रस्ता चांगला होता आणि वाहतूक बंद होती. चढ-उतार आहेत पण जोतिबा केलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही. इथं नियम मात्र नवरा-बायकोनं नीट वाचावेत. तुमच्या पुढच्या चाकापासून पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. ओलांडायचं असेल तर २५ सेकंदांत ओलांडायचं. शेजारी शेजारी गप्पा मारत जाणं बंद. मागं चिकटून वाऱ्याचा फायदा घेतला, तर पाच मिनिटांची शिक्षा. ह्यांनी मला गाठलं तेव्हा त्यांनी फक्त घंटीसारखा जिभेचा आवाज काढला आणि पुढं गेले. रोज दुकानातून जेवायला येताना जिन्यात काढतात तोच आवाज. मला इतकं बरं वाटलं, की पुढचे दहा किलोमीटर मी गात गात गेले. हेल्मेटचंही लक्षात ठेवा: स्टँडवरून सायकल काढण्याआधी पट्टा लागलेला हवा, आणि परत अडकवेपर्यंत सोडायचा नाही.

आणि मग धावणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं गोवा म्हणजे डोक्यावर ऊन आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. घाम वाळतच नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. कोल्हापुरात आम्ही मुद्दाम दुपारी एकला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावायचो, त्याचा फायदा झाला, पण समुद्रकाठची दमट हवा देशावर मिळत नाही. इथं मिठाचं गणित पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. नुसतं पाणी ढोसत राहिलात, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते धोक्याचं आहे. ह्यांनी दोघांसाठी मिठाच्या गोळ्यांच्या पुड्या बांधल्या होत्या, जशा दुकानात बांधतात तशाच, वर तास लिहून.

धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असल्यामुळे समोरून येणारा माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, आणि जोडीसाठी या शर्यतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. एका फेरीत हे समोरून आले ते लंगडत. पोटरीत गोळा आला होता आणि त्यांची पुडी सायकलवरच कुठंतरी पडली होती. मी माझ्यातल्या दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "अहो, खाली बसू नका. चालत राहा." ते म्हणाले, "तू थांबू नको, तुझा वेळ जातोय." एवढंच बोलणं. बाहेरच्या माणसाकडून मदत घेतली तर बाद करू शकतात, पण स्पर्धकानं स्पर्धकाला खाणं-पिणं किंवा सायकलची ट्यूब दिलेली चालते. स्वतःची सायकल किंवा बूट देऊन आपण थांबणं मात्र चालत नाही. हा नियम मला फार आवडला. मदत करा, पण तुमची शर्यत तुम्हालाच संपवायची आहे.

हे माझ्या आधी पोचले, मी नंतर. दोघंही वेळेत. हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडायचं स्वप्न बऱ्याच जोड्यांचं असतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१९मध्ये टोकियोत ऑलिंपिकपूर्व स्पर्धेत जेस लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राऊन या दोघी ब्रिटिश खेळाडू हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघींनाही बाद केलं, कारण ठरवून बरोबरी करणं जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमात बसत नाही. हौशी स्पर्धकांकडं कुणी इतक्या कडकपणे बघत नसलं, तरी दुसऱ्यासाठी वेग कमी करून थांबण्यापेक्षा आपापली वेळ घ्या, असंच मी सांगेन. मुलांनाही आधी सांगून ठेवा, की शेवटच्या पट्ट्यात आई-बाबांबरोबर धावू देत नाहीत. आमच्या मुलाला माहीत होतं, तो कठड्यापलीकडून ओरडत होता.

राहण्याबद्दल. आम्ही ज्या हॉटेलात उतरलो त्यांनी सायकली खोलीत न्यायला नकार दिला आणि पहाटे साडेतीनला चहासुद्धा मिळाला नाही. खोली घेण्याआधी या दोन गोष्टी फोनवर विचारून घ्या, आणि उकडलेली रताळी, केळी, राजगिऱ्याचे लाडू घरून न्या. आम्ही आजरा-आंबोलीमार्गे गाडीनं गेलो, सायकली मागं बांधून. पुण्या-मुंबईहून विमानानं जाणाऱ्यांना सायकल खोलून पेटीत भरावी लागते, तर ती पुन्हा जोडायला एक दिवस जास्तीचा ठेवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल आणि सामानाच्या पिशव्या जमा करायच्या असतात, तो दिवस दगदगीत जाऊ देऊ नका.

खर्च दुप्पट होतो हे खरं. दोन नोंदण्या, दोन सायकली, दोन जोड बूट. माझी सायकल वापरलेली घेतली होती, ह्यांची नवी. नव्वद किलोमीटरच्या शेवटी दोन्हींत मला काही फरक जाणवला नाही, तेव्हा पैसे वाचवायचे तर तिथं वाचवा. रिलेचाही पर्याय असतो, एकानं पोहायचं, दुसऱ्यानं सायकल, तिसऱ्यानं धावायचं. ज्यांना पोहायला अजिबात येत नाही त्यांनी यंदा तो घ्यावा. बाकीच्या जोड्यांनी मात्र दोघांचीही पूर्ण शर्यत करावी, आणि फ्रिजवर दोन कागद आजच लावावेत.