29 फेब्रुवारीच्या बाकीचे 20 टक्के : ईसीएलजीएस कर्ज चार वर्षं वापरून झाल्यावर

मी ऑफसेट छापखाना चालवते. चार कामगार, एक दोनरंगी मशीन, आणि वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई लग्नपत्रिकांची. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा एप्रिल-मेच्या पत्रिकांचा कागद येऊन पडला होता. काही पत्रिका छापूनही झाल्या होत्या. तारखाच रद्द झाल्यावर त्या न्यायला कोण येणार? पैसेही बुडाले.

13 मे 2020 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या कर्जहमीची घोषणा केली. हीच ती इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम, म्हणजे ईसीएलजीएस. कर्ज बँक देणार आणि ते बुडालं तर सरकारी हमी कंपनी बँकेला पूर्ण भरपाई देणार, असा व्यवहार. टीव्हीवर ऐकताना बऱ्याच जणांना ती मदत वाटली. ते कर्ज होतं, व्याजासकट फेडायचं. हा फरक मी सुरुवातीलाच लिहिते, कारण आमच्या धंद्यातल्या कितीतरी जणांना तो पहिल्या हप्त्याला कळला.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. जूनमध्ये बँकेतून मलाच फोन आला की तुमचं कर्ज मंजुरीत आहे, हवं असेल तर या. इतक्या वर्षांत असा फोन मला कधी आला नव्हता. 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्या नावावर जेवढी कर्जाची बाकी होती, तिच्या 20 टक्के नवीन कर्ज, असा नियम. माझी सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्याची) बाकी नऊ लाख आणि मशीनच्या कर्जाची पाच लाख वीस हजार. मिळून 14,20,000. त्याचे 2,84,000 झाले. नवीन तारण नाही, जामीनदार नाही, प्रोसेसिंग फी नाही. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा 9.25 टक्के होती, मला साडेसात टक्क्यांनी मिळालं. सह्या केल्यापासून सहाव्या दिवशी पैसे खात्यात.

त्यातले 1,12,000 कागदवाल्यांना दिले. त्यांनी तोंडाने मागितले नव्हते, पण त्यांचंही दुकान बंदच होतं. चौघा कामगारांना तीन महिने अर्धा पगार, म्हणजे 96,000. गाळ्याचं भाडं 45,000. उरलेले 31,000 लाइटबिल आणि व्याजात गेले. एकही रुपया धंदा वाढवायला लागला नाही. सगळा धंदा जिवंत ठेवायला लागला. पण चारही माणसं टिकली. आमचा मशीनमन सतरा वर्षं माझ्याकडे आहे, तो तेव्हा गावी कायमचा गेला असता तर मला मशीन विकावं लागलं असतं. या कर्जाचे सगळ्यात जास्त गुण मी इथे देते.

पहिलं वर्ष फक्त व्याज, महिना 1,775 रुपये. पुढची तीन वर्षं मुद्दलासकट हप्ता, साधारण 8,830. कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की सवलतीचं वर्ष संपलं ते 2021 च्या जूनमध्ये, दुसऱ्या लाटेच्या शेपटाला. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. पंचवीस माणसांसाठी पत्रिका कोण छापेल? मोबाइलवर निरोप पाठवून लग्नं लागली. सलग दोन हंगाम गेले आणि तिसऱ्याची वाट बघत हप्ता सुरू झाला. मे 2021 मध्ये मुदत वाढवण्याची आणि आणखी 10 टक्के घेण्याची सोय आली, पण कर्जाची पुनर्रचना करून घेणाऱ्यांसाठी. खात्यावर पुनर्रचनेचा शिक्का बसला तर पुढे सीसी रिन्यूअलला त्रास होईल या भीतीने मी ती घेतली नाही. हप्ते दागिना मोडून भरले.

शाखेबद्दल एक तक्रार आहे. सह्यांच्या दिवशी माझ्यापुढे विम्याचा फॉर्मही सरकवला गेला, जणू तो कर्जाचाच भाग आहे. योजनेत तसं काही नव्हतं. मी नियमांची प्रिंट सोबत नेली होती म्हणून नाही म्हणू शकले. माझ्या शेजारच्या गाळेवाल्या ताईंनी घाबरून सही केली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

माझ्याकडच्या पुस्तकांचं बाइंडिंग करणारे काका दोन गाळे सोडून बसतात. तीस वर्षांत एकदाही कर्ज नाही. कटिंग मशीनसुद्धा भिशीच्या पैशातून रोख घेतलेलं. फेब्रुवारी 2020 ला त्यांची बाकी शून्य, म्हणून त्यांचे 20 टक्केही शून्य. ते बँकेत जाऊन आले आणि मला म्हणाले, "पोरी, मी कुणाचं देणं ठेवलं नाही, हे माझं चुकलं का?" मला उत्तर देता आलं नाही. फेरीवाल्यांसाठी 1 जून 2020 पासून स्वनिधी योजना होती, दहा हजारांचं खेळतं भांडवल. पण काकांचा गाळा आहे, ते फेरीवाले नाहीत. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना दीड हजार जाहीर केले, त्यातही ते बसले नाहीत. कुठल्याच खान्यात हा माणूस मावला नाही.

मदतीचं माप जुन्या कर्जावर धरलं, झालेल्या नुकसानीवर नाही. माझ्या मते या योजनेची सगळ्यात मोठी चूक ही. दुसरं माप शक्य होतं. ब्रिटनने त्याच महिन्यांत बाउन्स बॅक कर्ज दिलं ते वार्षिक उलाढालीच्या 25 टक्क्यांपर्यंत, पहिल्या वर्षाचं व्याज सरकारने भरलं. आपल्याकडे जीएसटी 2017 पासून आहे, माझी उलाढाल महिन्यामहिन्याला सरकारला दिसते. काकांची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली, पण त्यांचं चालू खातं वीस वर्षांचं आहे. त्यात जमा झालेल्या रकमा पाहून पन्नास हजार देता आले नसते का? काकांनी 2021 च्या दिवाळीआधी कटिंग मशीन विकलं. आता माझं कटिंग चार किलोमीटरवर जातं आणि काका दुसऱ्याच्या गाळ्यात हाताने घड्या घालतात.

जाता जाता व्याजावरच्या व्याजाचं. मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते थांबवण्याची रिझर्व्ह बँकेची सवलत मी घेतली होती. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज नोव्हेंबरमध्ये परत मिळालं. माझे सोळाशेच्या आसपास आले. न मागता आले, हे नोंदवते.

जून 2024 मध्ये शेवटचा हप्ता भरला. पाचपैकी तीन तारे. ज्यांचं हे कर्ज फिटलंय त्यांनी एक काम मात्र करा : नवीन तारण नसलं तरी आधीच्या तारणावर या कर्जाचा दुसरा बोजा चढवलेला असू शकतो. बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) घेताना तो उतरवल्याचं लेखी मागा. मला त्यासाठी तीन अर्ज द्यावे लागले.