तापमान-आर्द्रता मापक: उन्हाळ्यात घरात असावेच असे छोटे यंत्र

उन्हाळा तोंडावर आला की पाण्याच्या बाटल्या, टोप्या, पडदे आणि पंखे यांची तयारी सगळेच करतात. पण ज्या खोलीत घरातले वृद्ध माणूस दुपार काढते किंवा तान्हे मूल झोपते, त्या खोलीतली हवा नेमकी किती तापली आहे, हे मोजण्याची सोय क्वचितच कुणी करते. ही सोय करणारे तळहाताएवढे डिजिटल यंत्र म्हणजे तापमान-आर्द्रता मापक. त्याचा दर्शनी पडदा दोन आकडे दाखवतो, एक अंश सेल्सिअसमधला आणि दुसरा सापेक्ष आर्द्रतेचा टक्क्यांमधला. आमच्या घरी ते आईच्या खोलीत, पलंगाच्या उंचीवर लावलेले आहे आणि त्याच्या उपयोगाबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: हे यंत्र जरूर घ्यावे, मात्र हवा सुखद असल्याची खूण म्हणून त्याच्या पडद्यावर उमटणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये.

साधा तापमापक का पुरत नाही, हे आधी सांगायला हवे. शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घाम सुकवून. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता त्वचेवरून घेऊन जातो. घाम नुसता गळून पडला तर त्याचा जवळपास काहीच उपयोग होत नाही, आणि हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर तो सुकत नाही, अंगावर चिकटून राहतो. म्हणूनच एकाच तापमानाच्या दोन दुपारी शरीराला अगदी वेगळ्या वाटतात. संशोधक रॉबर्ट स्टेडमन यांनी 1979 मध्ये मांडलेल्या गणितावरून पुढे जो उष्णता निर्देशांक रूढ झाला, त्यानुसार सावलीत 32 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण 32-33 अंशांसारखीच जाणवते; आर्द्रता 70 टक्के झाली की तेच 32 अंश सुमारे 40 अंशांसारखे जाणवतात. तापमानाचा आकडा तसूभरही न हलता शरीरावरचा ताण एवढा वाढतो, आणि हा फरक आर्द्रतेचा आकडा समोर असल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

‘उकडते आहे की नाही हे माणसाला कळतेच की,’ असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. तरुण, निरोगी माणसाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. वयाबरोबर मात्र तहान लागण्याची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि लघवीचे प्रमाण वाढवणारी किंवा घाम रोखणारी काही औषधे चालू असतील तर शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची उरलीसुरली क्षमताही कमी होते. आई संध्याकाळी पातळ चादर पांघरून बसते, ‘मला नाही गं उकडत’ म्हणते, आणि शेजारच्या पडद्यावर 34 अंश व 61 टक्के असे आकडे असतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवणे सोपे जाते. तीही मग तो स्वतः वाचून खिडकी उघडायला सांगते. माझ्या दृष्टीने या यंत्राचे सर्वांत मोठे काम हेच आहे.

दुसरे काम रात्रीचे. बहुतेक मापकांत कमाल आणि किमान नोंद लक्षात ठेवण्याची सोय असते, आणि ती नसलेले यंत्र घेऊच नये असे मी म्हणेन. दिवसभर तापलेल्या भिंती आणि छत सूर्य मावळल्यावरही कित्येक तास उष्णता सोडत राहतात. बाहेर गार वारा सुटलेला असताना बंद खोलीत मात्र हवा तशीच कोंडलेली असते. सकाळी बटण दाबून रात्रीची किमान नोंद पाहिली की शरीराला विसावा मिळाला की नाही, ते उघड होते. जागतिक आरोग्य संघटना उष्णतेच्या लाटेत खोलीचे तापमान दिवसा 32 आणि रात्री 24 अंशांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करायला सांगते, विशेषतः तान्ह्या मुलांसाठी आणि साठीच्या पुढच्या माणसांसाठी. प्रत्येक घराला ते जमेलच असे नाही, पण आपण त्या मर्यादेपासून किती दूर आहोत हे ठाऊक असले तर कोणाला कोणत्या खोलीत झोपवायचे, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

पंखा आणि कूलर यांच्या बाबतीतही आकडे पाहून वागण्यात फरक पडतो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, गरम झाली की पंखा शरीराकडे उष्णताच ढकलू लागतो. घाम सुकण्याचा लाभ त्याहून मोठा असेल तोवरच तो उपयोगी ठरतो. म्हणून पंखा 40 अंशांच्या खालीच वापरावा, त्यापुढे तो शरीर तापवतो, असा त्याच संघटनेचा सल्ला आहे. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो. पण खिडक्या बंद ठेवून चालवला तर खोलीतली आर्द्रता कशी चढत जाते, हे या पडद्यावर अक्षरशः डोळ्यांदेखत दिसते. एक खिडकी थोडी उघडली की तो आकडा पुन्हा उतरू लागतो.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे तो हसरा चेहरा. अनेक स्वस्त यंत्रांत तो केवळ आर्द्रतेवरून ठरतो, त्यामुळे खोलीत 38 अंश असतानाही आर्द्रता 45 टक्के असेल तर यंत्र आनंदाने हसत राहते. वृद्ध माणसाच्या उशाशी असलेल्या वस्तूने अशी खोटी ग्वाही देणे मला धोक्याचे वाटते. आम्ही त्या चिन्हावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. आर्द्रतेचा संवेदकही नेहमी अचूक असतो असे नाही, पाच टक्क्यांपर्यंतची चूक सर्रास आढळते. ती तपासण्याची पद्धत मात्र सोपी आणि भरवशाची आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल पण विरघळणार नाही इतकेच पाणी घालावे, झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवावे. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 71 दाखवत असेल तर त्या आकड्याच्या आसपास ते चार टक्के कमी दाखवते, एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

जागा चुकली तर चांगले यंत्रही चुकीचे आकडे देते. ऊन येणारी भिंत, टीव्हीची मागची बाजू, एसीचा झोत, स्वयंपाकघराचे दार या सगळ्यांपासून ते दूर हवे. जागा बदलल्यावर अर्धा तास तरी आकड्यांवर भरवसा ठेवू नये, कारण यंत्राचे स्वतःचे आवरणही तापलेले असते. बऱ्याच यंत्रांच्या पडद्यामागे दिवा नसतो, ही रात्रीच्या वापरातली खरी अडचण आहे. मोठे, ठळक आकडे असलेलेच निवडावे.

शिवाय हे यंत्र खोली मोजते, माणूस नव्हे. आकडे बेताचे असले तरी कोणी गोंधळल्यासारखे बोलू लागले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग विलक्षण तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात शरीराच्या आतले तापमान 40 अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी पडद्याकडे पाहत न बसता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी घालून वारा घालत राहावे.

घेताना शक्य असल्यास बाहेर ठेवायचा दुसरा संवेदक असलेले यंत्र घ्यावे. खिडक्या कधी उघडायच्या याचे उत्तर बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की लगेच मिळते आणि नुसत्या सवयीने संध्याकाळी लवकर खिडक्या उघडून गरम हवा आत घेणे टळते. घरातले वृद्ध माणूस एकटे राहत असेल तर आकडे इंटरनेटवरून मुलांच्या फोनवर पाठवणारा प्रकार अधिक उपयोगी आहे; ठरवलेली मर्यादा ओलांडताच सूचना येते आणि एक फोन वेळेवर करता येतो.