फेट की ट्रान्झिस्टरची जोडी? व्होल्टेजने गेन बदलायचा असेल तर

व्होल्टेजने गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) कमी-जास्त होणारा अॅम्प्लिफायर सुट्या ट्रान्झिस्टरवर करायचा म्हटलं, की माझ्या मते दोनच वाटा विचारात घेण्यासारख्या आहेत. बीसी ५४७ या साध्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला कपॅसिटरमधून फेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) जोडायचा आणि गेटवरच्या व्होल्टेजने त्याचा रेझिस्टन्स बदलायचा, ही एक. दोन ट्रान्झिस्टरची डिफरन्शियल पेअर (दोन इनपुटमधला फरक मोठा करणारी जोडी) करून तिचा टेल करंट, म्हणजे दोघांच्या एकत्र जोडलेल्या एमिटरमधून जाणारा करंट, बदलायचा, ही दुसरी. मी दोन्ही केल्या आहेत, त्याही एकाच कामासाठी. पंचवटीत आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात काकड आरतीच्या माइकचा आवाज आपोआप आटोक्यात राहायला हवा होता. बुवा रंगात आले की माइकच्या अगदी जवळ येतात, आणि पहाटे पाचला आजूबाजूची घरं झोपलेली असतात.

फेटचं सर्किट लहान. गेट करंट घेत नाही, एका संध्याकाळी जनरल पर्पज बोर्डवर उभं राहतं. आवाजही गोड. फेटवरचा सिग्नल ५०-१०० मिलिव्होल्टच्या आत ठेवला आणि ड्रेन ते गेट, गेट ते कंट्रोल असे सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर लावले, तर आवाजातला खरखरीतपणा माझ्या कानाला तरी जाणवला नाही. त्या बदल्यात कंट्रोल व्होल्टेज दुप्पट लागतं, आणि एन-चॅनल असेल तर ते उणे लागतं. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर त्याची वेगळी सोय करावी लागते. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती एका पहाटे. बीएफडब्ल्यू १० या माझ्या फेटचे चार पाय फार बारीक; त्यातला एक बुडापाशी तुटला. त्याच पुडीतला दुसरा नग मी तिथेच बॅटरीच्या उजेडात सोल्डर केला. सर्किट चालू झालं, पण बुवांनी आवाज चढवला की भोंगा फाटू लागला. घरी येऊन मोजलं तर जुना फेट गेटवर तीन व्होल्टच्या आसपास बंद होत होता, नव्याला पाच लागत होते. नग खराब नव्हता. डेटाशीटमध्येच ही मर्यादा ८ व्होल्टपर्यंत दिली आहे. २एन५४५७ या दुसऱ्या फेटसाठी तर ०.५ पासून ६ व्होल्टपर्यंत. म्हणजे नग बदलला की सगळं सेटिंग पहिल्यापासून. ते घरी टेबलावर जमतं, पहाटे गाभाऱ्याबाहेर उकिडवं बसून जमत नाही.

जोडीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे गेन करंटवर ठरतो. टेल करंट १ मिलिअॅम्पिअर असेल तर प्रत्येक ट्रान्झिस्टरला अर्धा येतो, ४.७ किलो-ओहमच्या कलेक्टर रेझिस्टरवर दोन्ही कलेक्टरमधला गेन ९० च्या घरात जातो. करंट दहापट कमी केला की गेन ९. बीसी ५४७ कुठल्याही पुडीतला असो, आकडे जवळपास तेच. पहाटेच्या थंडीत गेन बदलतो, पण अंशाला साधारण एक-तृतीयांश टक्का, म्हणजे वीस अंशांच्या फरकानेही ऐकणाऱ्याला कळत नाही.

जोडीचं दुखणं म्हणजे धप्प आवाज. वरच्याच उदाहरणात करंट बदलताना कलेक्टरचं व्होल्टेज दोन व्होल्टहून जास्त हलतं, आणि माइकचा सिग्नल असतो काही मिलिव्होल्ट. एकाच कलेक्टरवरून आउटपुट घेतलं तेव्हा पखवाजाच्या प्रत्येक थापेमागे भोंग्यातून आणखी एक बोजड थाप यायची. पण दोन्ही कलेक्टर हलतात ते बरोबरीने. त्यांची वजाबाकी ऑप-अॅम्प या आयसीने केली की उरतो तो फक्त दोघांतला फरक. एम. जी. रोडवरून पंधरा-वीस नग आणले, मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटर मोजले आणि सारखे निवडले. हात लावल्यावर बोटाची ऊब उतरेपर्यंत थांबावं लागतं, कारण अंशाला २ मिलिव्होल्टने आकडा घसरतो. मग चपट्या बाजू एकमेकींना चिकटवून वरून श्रिंक ट्यूब चढवली. राहिलेली धप्प एका प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) गेली. इनपुट मात्र १०-२० मिलिव्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, तिथे ही जोडी फेटपेक्षा नाजूक आहे.

एलएम१३७०० या आयसीमध्ये आत हीच जोडी तयार मिळते. आयसी चालत असेल तर तोच घ्या. एकच नग करायचा आहे, घरीच राहणार आहे, गेन नॉबने सावकाश फिरवायचा आहे, तर फेट कदाचित जास्त सोयीचा पडेल. पण सर्किट घराबाहेर जाणार असेल, तर मी जोडीच करीन. मंदिरातल्या पेटीत आता बांधून ठेवलेल्या तीन जोड्या आहेत. गेल्या कार्तिकात एक बदलावी लागली. नवी लावली, प्रीसेट किंचित हलवला, आणि बुवांचा पुढचा अभंग सुरू व्हायच्या आत माइक चालू होता.